कागदी मखर पेटू नये म्हणून काय करावं? (लगदा, पुठ्ठा, सुती कापड)

पूर्वभागचा_कारागीर | 9 जून, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरी टॉवेलचे दोन माग आहेत, आणि पाऊस सुरू झाला की मंडळांच्या मखरांचं, कमानींचं काम असतं. 2018 साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमचं सगळं काम कागदावर आलं. रद्दीचा लगदा, पुठ्ठा, कधी कधी टॉवेलच्या कातरणीचा लगदासुद्धा. दिसायला थर्माकोलपेक्षा कितीतरी चांगलं होतं.

गेल्या वर्षी पाचव्या दिवशी आरती चालू असताना समईची वात कलंडली आणि कागदी कमळानं पेट घेतला. पोरांनी कळशीभर पाणी ओतलं, जाळ गेला, आरती पूर्ण झाली. वीस-पंचवीस मिनिटांनी मागच्या बाजूनं धूर यायला लागला. बघतो तर लगद्याची जाड कमान आतून लाल झालेली. फोडून, पाणी मारून विझवली. कुणाला इजा झाली नाही, मूर्तीलाही काही झालं नाही. पण समोर सत्तर-ऐंशी माणसं होती, त्यात लहान पोरं, आणि बाहेर पडायला एकच बोळ. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली, ते आमच्या गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यंदा अंगावर घेतलेलं प्रत्येक मखर काहीतरी लावूनच द्यायचं असं ठरवलंय. एक जण सांगतो तुरटीच्या पाण्यात बुडव, दुसरा म्हणतो मिठाच्या. बाजारातून एक स्प्रे आणला, डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलंच नाही. मारून, वाळवून काडी लावली. जाळ विझतो, पण कड लाल होऊन हळूहळू सरकत राहते. सगळे प्रयोग घरामागं करालाव, पण दिशा कळेना. जाणकारांनी सांगावं.

---

नुसतं_वाचतो | 9 जून, रात्री 11:05

आमच्या मंडळातही कागदाचीच आरास असते. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

रंगखाना | 10 जून, सकाळी 7:15

भाऊ, तुम्ही एका रात्रीत दोन वेगळ्या आगी पाहिल्यात. लोक बहुतेक पहिलीवरच औषध शोधतात.

मी 31 वर्षं सोलापुरात सूत आणि टॉवेल रंगवण्याच्या खात्यात काढली. माझं बोलणं सुताच्या अंगानं येईल, पण कागद, कापूस, ताग या सगळ्यांचा गाभा एकच, सेल्युलोज. आपल्याला वाटतं कागद जळतो. खरं तर जाळ कागदाचा नसतोच. सेल्युलोज साधारण 300 ते 400 अंशांपर्यंत तापलं की त्याची लांब साखळी तुटते आणि डांबरासारखा एक पदार्थ वाफ होऊन बाहेर पडतो, त्याला लेव्होग्लुकोसान म्हणतात. दिसतो तो जाळ या वाफांचा. वाफा संपल्या की कोळसा राहतो. कोळशाला नुसती हवा पुरते, तो ज्वाळेशिवाय लाल होत पुढं सरकतो. ही धुमस. जाड लगदा, कापसाची गाठ, रद्दीचा गठ्ठा यांच्यात ती तासन् तास आत जिवंत राहते आणि हवा मिळाली की पुन्हा जाळ धरते. तुमची कमान वीस मिनिटांनी पेटली ती अशी.

जाळ अडवणारं औषध धुमस अडवेलच असं नाही. नुसता बोरॅक्स, म्हणजे सोनाराचा टाकणखार, जाळ चांगला अडवतो पण धुमस सोडून देतो. बोरिक ॲसिड, ज्याची पावडर आपण कॅरमवर टाकत आलो, ते धुमस मारतं पण जाळापुढं एकटं कमी पडतं. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात. तुमच्या स्प्रेमध्ये बहुधा यातलं एकच काम करणारं काहीतरी असणार.

घरातच पुरावा आहे. आगपेटीची काडी फुंकून विझवा, लाकूड लगेच काळं पडतं. उदबत्ती फुंका, ती शेवटपर्यंत लाल राहते. काडीचं लाकूड कारखान्यात अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेलं असतं, नाहीतर फेकलेली प्रत्येक काडी उदबत्तीसारखी धुमसली असती.

खायचं मीठ अजिबात नको. सोडियमच्या साध्या क्षारांनी सेल्युलोजची धुमस उलट वाढू शकते. तुरटीनं जाळ कमी होतो हे खरं. तिच्या वजनात जवळपास 45 टक्के पाणी असतं, तापल्यावर ते सुटून कागद थंड ठेवतं. पण ती आम्लधर्मी, कागद काही महिन्यांत ठिसूळ करते. कमान पुढच्या वर्षीही वापरायची असेल तर तुरटी नको.

कृती रात्री लिहितो, आता बाहेर जायचंय.

---

दहावी_ब | 10 जून, दुपारी 1:40

रंगखाना काका, फार छान समजावलंत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. फॉस्फेटचं काम मुलांना सांगताना मी लिंबाच्या रसाची गुप्त अक्षरं आठवायला लावते. कागदावर रसानं लिहायचं, वाळवायचं, दिव्यावर धरायचं. बाकीचा कागद पांढरा असतो तेव्हाच अक्षरं तपकिरी होतात, कारण आम्लाच्या जागी कागद लवकर करपतो.

आगरोधक फॉस्फेट हेच अंगभर करतं. अमोनियम फॉस्फेट तापलं की अमोनिया उडून जातो आणि फॉस्फरिक आम्ल राहतं. ते सेल्युलोजमधलं पाणी ओढून काढतं. सेल्युलोजच्या वजनात सुमारे 44 टक्के कार्बन असतो. एरवी त्यातला बराचसा जळाऊ वाफ होऊन निघून जातो. आम्ल असलं की तो कोळसा होऊन जागच्या जागी बसतो आणि बाहेर पडते ती मुख्यतः पाण्याची वाफ. म्हणजे कागद जाळापर्यंत पोचायच्या आधीच, कमी तापमानाला, मुद्दाम करपवायचा. औषध लावलेला कागद ज्वाळेत धरला की काळा होतो. तो काळा होतोय म्हणजे औषध चालतंय, घाबरू नका.

आणखी एक आकडा. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. कापसाला जळत राहायला 18-19 टक्के पुरतो, म्हणून तो आपल्या हवेत आरामात जळतो. औषधानं ही गरज 28 च्या आसपास नेली की ज्योत काढताच तो आपोआप विझतो.

---

रंगखाना | 10 जून, रात्री 9:30

ताई, लिंबाचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगणार.

कृती अशी. 1 लिटर गरम पाण्यात 105 ग्रॅम बोरॅक्स आणि 45 ग्रॅम बोरिक ॲसिड, म्हणजे सातास तीन. हे प्रमाण जुनं आहे, नाटकाच्या पडद्यांना, सुती कापडाला, कागदाला कित्येक दशकं वापरलं गेलंय. गंमत अशी की थंड पाण्यात यातलं एकेकटं जेमतेम 5 टक्केच विरघळतं. दोन्ही मिळाले की एकमेकांना विरघळवतात, आणि वाळल्यावर खडे न होता काचेसारखा पातळ थर बसतो. सोनार टाकणखार तापवतो तेव्हा तो लाहीसारखा फुलतो आणि मग वितळून काच होतो. कागदावरही आगीत तेच होतं. तंतूवर काचेचं पांघरूण बसतं, हवा आत जात नाही.

नळाचं पाणी घ्या. बोअरच्या कठीण पाण्यात चोथा बसतो.

लावायचं म्हणजे भिजवायचं. वरून फवारा मारला तर कातडं वाचतं, आतलं मांस तसंच राहतं. साधा, न चकाकणारा कागद पाच-दहा मिनिटं बुडवा, निथळू द्या, आडवा वाळवा. बुडवण्याआधी आणि पूर्ण वाळल्यावर वजन करा. 100 ग्रॅम कागदाचे 110 ग्रॅमच्या आसपास झाले पाहिजेत. वजन वाढलं नाही तर औषध बसलेलं नाही, मग कितीही वेळ बुडवला असला तरी. माझ्या खात्यात मी पोरांना नेहमी सांगायचो, डोळ्यावर नको, काट्यावर विश्वास ठेवा.

लॅमिनेट केलेला पुठ्ठा, सोनेरी-चंदेरी वर्ख, चमकी, जिलेटिन यांच्यात द्रावण शिरत नाही. ते दिव्यापासून लांब, किंवा नकोच. ऑइलपेंटही नको. कागद कितीही भिजवला असला तरी वरचा रंग स्वतः पेटतो. पाण्यात मिसळणारे रंग वापरा, तेही औषध वाळल्यावर.

---

कोरडवाहू | 11 जून, सकाळी 6:50

आमची मोहोळकडं द्राक्षं आणि डाळिंब. हे वाचून घरातल्या पुड्या काढून बघितल्या. कृषी सेवा केंद्रात "बोरॉन 20 टक्के" म्हणून जी पावडर मिळते ती डायसोडियम ऑक्टाबोरेट आहे. काका म्हणतात ते मिश्रण जवळपास हेच होतं ना? आम्ही फुलोऱ्याच्या वेळी फवारतो, थंड पाण्यात सहज विरघळते. खताचा साधा बोरॅक्स वेगळा, त्यावर 10.5 टक्के बोरॉन लिहिलेलं असतं.

आणि अमोनियम फॉस्फेट म्हणजे आपली डीएपी की! 18:46:0. पोतं घरात आहे.

---

रंगखाना | 11 जून, सकाळी 8:10

बरोबर ओळखलंत. सातास तीनचं मिश्रण आणि तुमची 20 टक्केवाली पावडर ही सख्खी भावंडं. पुडीवर नाव तेच असेल आणि सोबत दुसरं खत मिसळलेलं नसेल तर लिटरला 90 ग्रॅमपर्यंत सहज विरघळेल, आणि तेवढं पुरे. तिच्यात बांधलेलं पाणी कमी असतं, त्यामुळे ग्रॅम कमी लागतात. कारागीर भाऊ, तुम्हाला दोन पदार्थ शोधत फिरायची गरज नाही.

डीएपीचं मात्र सांभाळून. गुण उत्तम, जाळ आणि धुमस दोन्ही अडवते. पण खताची डीएपी दाणेदार, रंग लावलेली, गाळ असलेली असते. पांढऱ्या कागदावर डाग पडतात. तापत्या पत्र्याखाली महिनोन् महिने राहिली तर अमोनिया हळूहळू उडतो आणि मागं आम्ल उरतं. कागद पिवळा पडतो, दुमडीवर तुटतो. अमोनियाचे क्षार तांब्या-पितळेलाही खातात, मखरात तोरणाच्या वायरी असतात हे विसरू नका. दहा दिवसांच्या आणि नंतर मोडायच्या कामाला चालेल, शिवाय उरलेलं पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं. टिकाऊ कामाला बोरॅक्सवालंच.

---

कागदफुलं | 11 जून, दुपारी 3:25

दादा, मी क्रेप कागदाची फुलं करते, नवी पेठेत दुकानांना देते. वाचून लगेच टाकणखाराचं पाणी फेविकॉलमध्ये मिसळून बघितलं, म्हणजे चिकटवतानाच औषध बसेल. फेविकॉलचा रबरासारखा गोळा झाला, ब्रश वाया गेला! आणि क्रेप बुडवला तर सुरकुत्या गेल्या, रंग उतरला. हळदीत रंगवलेली पानं तर तांबडी झाली. माझ्या फुलांना काही उपाय आहे का?

---

दहावी_ब | 11 जून, सायंकाळी 5:00

ताई, फेविकॉलमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं, बोरॅक्स त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतो. मुलं घरी जो लिबलिबीत स्लाइम करतात तो याच गुणावर. मैद्याची खळही बोरॅक्सनं घट्ट होते. पुठ्ठ्याचे खोके करणारे स्टार्चच्या डिंकात थोडा बोरॅक्स मुद्दाम घालतात, पण ते मोजून. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कागद भिजवायचा, पूर्ण वाळवायचा, मग चिकटवायचं. हळद अल्कलीत तांबडी होते, ते तर कुंकवाचंच रसायन.

क्रेपला मनापासून सांगते, उपाय शोधू नका. बुडवला तर फूल मरतं, हलका फवारा मारला तर औषध पुरेसं बसत नाही आणि लोकांना वाटतं की फूल सुरक्षित आहे. पाकळ्या पातळ, चहूबाजूंनी हवा, पेटायला एक क्षण पुरतो. तुमची फुलं दिव्यांपासून निदान हातभर लांब लावायची, हे दुकानदारांना लिहूनच द्या.

---

जुनी_पानं | 11 जून, रात्री 10:45

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते, त्यामुळे एक कळकळीची विनंती आधी. घरातल्या जुन्या पोथ्या, सातबारे, आजोबांची पत्रं यांना यातलं काहीही लावू नका. क्षार कागदात कायमचे शिरतात, शाई फुटते. त्यांना आगीपासून वाचवायचं तर चांगली पेटी आणि वायरिंगपासून लांबची जागा.

मखराच्या कागदाला मात्र जरूर लावा, आणि ही विद्या किती जुनी आहे तेही ऐका. 1735 साली इंग्लंडमध्ये ओबाडाया वाइल्ड यांना कागद आणि कापड पेटू नये म्हणून एक पेटंट मिळालं. त्यात काय होतं? तुरटी, हिराकस आणि बोरॅक्स. 1783 मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा उडवला. तो कापडाचा होता आणि आतून कागद लावलेला, खाली चक्क आग. त्यांनी फुग्याला तुरटी लावली होती. मग 1821 मध्ये गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञानं नाटकगृहांतल्या तागाच्या आणि लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडावर पद्धतशीर प्रयोग केले आणि अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि बोरॅक्स यांची मिश्रणं सुचवली. नवसागर म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचा. पुढची दोनशे वर्षं मुख्यतः याच पायावर काम झालंय.

मला हे वाचताना नेहमी वाटतं, टाकणखार सोनाराकडे, नवसागर कल्हईवाल्याकडे आणि तुरटी न्हाव्याकडे होतीच की आपल्या गावात.

---

होटगी_रोड | 12 जून, सकाळी 11:30

माझे यंत्रमाग आहेत, टॉवेल आणि थोड्या चादरी. सरळ विचारतो. टॉवेलला, चादरीला हे लावता येईल का? हॉस्पिटलच्या एका मोठ्या ऑर्डरमध्ये आगरोधक चादर मागितली आहे.

---

रंगखाना | 12 जून, रात्री 8:50

मालक, टॉवेलला नाही. एका धुण्यात सगळं पाण्याबरोबर जाईल. टॉवेल अंग पुसायचा, त्यात बोरॅक्स ठेवणंही बरोबर नाही. टॉवेलची आग वेगळीही असते. वरच्या फाशांमध्ये हवा भरलेली असते, त्यामुळे जाळ आधी पृष्ठभागावरून झरकन पळतो, खालचं कापड मागून पेटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लव असलेल्या सुती फ्लॅनेलच्या कपड्यांनी इंग्लंडात मुलं भाजायची. त्यावर डब्ल्यू. एच. पर्किन (धाकटे) यांनी कथिलाचे क्षार तंतूत बसवून धुण्यात टिकणारं कापड काढलं. लव असलेल्या कापडाचा प्रश्न इतका जुना आहे.

चादरीला धुण्यात टिकणारी प्रक्रिया आहे, पण ती पिंपात बुडवून होत नाही. एक जात प्रोबानची. फॉस्फोनियमचा क्षार कापडात शिरवून अमोनिया वायूच्या खोलीत त्याचं तंतूच्या आत न विरघळणारं जाळं करतात. दुसरी पायरोव्हॅटेक्सची. पॅडिंग (द्रावणात बुडवून रुळांमधून पिळणं), वाळवण, मग 150-160 अंशांवर पक्कं करणं आणि नंतर भरपूर धुणं. दुसरीत सेल्युलोजशी खरा रासायनिक बंध होतो. दोन्हींत कापडाचं वजन वाढतं, स्पर्श थोडा कडक लागतो, दुसरीत ताकदही काही टक्के जाते आणि सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या घातक वायूवर लक्ष ठेवावं लागतं. ऑर्डर घ्यायची तर ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांच्याकडून प्रक्रिया करून घ्या आणि प्रयोगशाळेचा दाखला त्याच लॉटचा घ्या. घरगुती बोरॅक्स लावून आगरोधक म्हणून हॉस्पिटलला चादर देऊ नका. तिथला माणूस उठून पळू शकत नसतो.

हॉस्पिटलला हेही कळवा की ही चादर कठीण पाण्यात साबणानं धुतली तर कॅल्शियमचा साबण तंतूवर बसतो आणि तोच जळतो. आतली प्रक्रिया शाबूत असूनही चादर पेटते.

शेडबद्दल न विचारता सांगतो. मागाखाली, तुळईवर, स्टार्टरच्या डब्यात जे तंतू साठतात ते सुट्टं सेल्युलोज आहे, त्याला कुठलंच औषध नाही. रोज झाडणं, आठवड्याला वरच्या तुळया, आणि रात्री शेडमध्ये कुणी झोपत असेल तर आतून उघडणारं दुसरं दार. मी खात्यात असताना एका स्टार्टरची ठिणगी साठलेल्या तंतूवरून छताला पोचताना पाहिलीय. वाट पाहायला वेळ मिळत नाही.

---

होटगी_रोड | 12 जून, रात्री 9:20

समजलं काका. ऑर्डरवाल्यांना तसंच कळवतो. दुसऱ्या दाराचं काम या आठवड्यात घेतो.

---

नुसतं_वाचतो | 13 जून, सकाळी 9:00

ही पावडर विषारी आहे का? आमच्याकडे पोरं मांडवातच खेळतात.

---

दहावी_ब | 13 जून, सकाळी 10:15

पोटात गेली तर हो. कॅरमच्या ओळखीमुळे आपण बोरिक ॲसिडला हलक्यात घेतो. युरोपात 2010 पासून ते प्रजननाला घातक म्हणून विशेष काळजीच्या रसायनांच्या यादीत आहे. म्हणून रबरी हातमोजे, कोरडी पावडर मोजताना तोंडाला मास्क, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, आणि गरोदर बाईनं या कामात हात घालायचा नाही. वाळलेल्या मखराला हात लागला म्हणून काही होत नाही, पण चाटण्याच्या वयाची मुलं असतील तिथं खालचा हातभर भाग दुसऱ्या कशाचा तरी करा.

आणि विसर्जनाच्या दिवशी हे मखर सिद्धेश्वर तलावात टाकू नका. बोरॉन पिकाला चिमूटभर लागतं, जास्त झालं की तेच झाडं जाळतं.

---

कोरडवाहू | 13 जून, दुपारी 12:30

ताईंना दुजोरा. आमच्या शेजाऱ्यानं बोरॉन दुप्पट फवारलं तर डाळिंबाच्या पानांच्या कडा करपल्या. उरलेलं द्रावण झाडांच्या बुंध्याशी ओतू नका, पुढच्या खेपेला वापरा.

---

पूर्वभागचा_कारागीर | 5 जुलै, रात्री 9:45

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, प्रयोग करालाव होतो. सगळ्यांचे आभार, आणि जे दिसलं ते सांगतो.

चाचणी अशी घेतली. 5 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर लांब पट्ट्या, चिमट्यात उभ्या टांगलेल्या, खाली मेणबत्ती, 12 सेकंद मोजून ज्योत काढायची. अंगणात, शेजारी वाळूची बादली, सोबत भाऊ. प्रत्येक वेळी एक बिन-औषधाची पट्टी आधी जाळून घेतली, म्हणजे फरक डोळ्यांसमोर राहतो.

बिन-औषधाचा ड्रॉइंग पेपर चिमट्यापर्यंत जळाला, राख उडाली. बाजारातल्या स्प्रेचा आधी लिहिलं तसाच, जाळ विझला आणि लाल रेघ वर चढत राहिली. काकांच्या मिश्रणातला कागद ज्योत काढताच विझला, लाली दोन-तीन सेकंदांत गेली, काळा भाग बोटभर. 20 टक्के बोरॉनच्या पुडीचंही जवळपास तसंच. वजनाचं काका म्हणाले ते अगदी खरं. एक ताव घाईत बुडवून काढला होता, त्याचं वजन 4 टक्केच वाढलं होतं, तो अर्ध्यापर्यंत जळाला.

आता जे जमलं नाही ते. गेल्या वर्षीसारखीच जाड, दोन बोटांची लगद्याची कमान वाळवून मग द्रावणात बुडवली, तासभर ठेवली, कडक उन्हात सुकवली. बाहेरून उत्तम. मधोमध कापून आतल्या बाजूला काडी लावली, तर आतला लगदा उदबत्तीसारखा धुमसत राहिला. म्हणजे माझा मूळ प्रश्न जिथून सुरू झाला तिथंच ही कमान आली.

दुसरी कमान औषध लगद्यातच कालवून करायचं म्हटलं, पण मी लगदा जाळीवर ओतून पाणी काढतो. अर्धं औषध त्या पाण्याबरोबर खाली गेलं असणार. वजन वाढलंच नाही.

---

रंगखाना | 6 जुलै, सकाळी 7:05

शाबास. कापून आत काडी लावलीत, हे फार थोडे लोक करतात.

पहिल्या कमानीत दोन गोष्टी झाल्या. वाळलेल्या जाड लगद्यात द्रावण तासाभरात गाभ्यापर्यंत पोचलं नाही. आणि जे थोडं पोचलं तेही कडक उन्हानं पुन्हा बाहेर ओढलं. पाणी पृष्ठभागावरून उडतं, आतलं पाणी तिकडं सरकतं, सोबत क्षार नेतं. सूत रंगवतानाही हाच त्रास, रंग कडेला जमतो. म्हणून सावलीत, हळू वाळवायचं.

दुसऱ्यासाठी क्रम बदला. लगदा साध्या पाण्यात भिजवून आधी नेहमीसारखा घट्ट पिळून घ्या. मग त्यात मोजलेलं द्रावण घालून मळा, पुन्हा पिळायचं नाही. आता पाणी निथळत नाही, नुसतं उडतं, म्हणून औषध आतच राहतं. हिशोब कोरड्या रद्दीच्या वजनावर. 1 किलो रद्दीला 150 ग्रॅम मिश्रण धरा, लगद्याला थोडं जास्तच लागतं. मैद्याची खळ कमी आणि पातळ घाला, बोरॅक्स तिला घट्ट करेल.

आणि कमान भरीव करूच नका. बांबूच्या चटईवर अर्धा बोट जाडीचं कवच करा, आत पोकळ. वजन कमी, वाळायला सोपी, आणि धुमसायला आत काही उरत नाही. पोकळीतून वायर मात्र न्यायची नाही. पावसाळ्यात क्षार लावलेला लगदा ओलावा धरतो आणि ओला क्षार वीज वाहतो. वायरी बाहेरून, पाइपातून.

---

पूर्वभागचा_कारागीर | 19 जुलै, रात्री 10:10

काका, पोकळ कमान झाली. पिळून मग मळला, पत्र्याच्या शेडखाली सावलीत आठ दिवस वाळवला, या पावसाळी हवेत त्याहून लवकर वाळत नाही. आज तीन ठिकाणी कापून आत काडी लावली. तिन्ही ठिकाणी काळा डाग, लाली नाही. एक तुकडा दोन तास समोर ठेवून बसलो, मग हातात घेतला. गार होता.

मंडळाच्या लोकांना अंगणात बोलावून दोन्ही पट्ट्या जाळून दाखवल्या. त्यांनी समई काचेच्या पेटीत ठेवायचं आणि मांडवाला मागून दुसरी वाट काढायचं कबूल केलं. अग्निशमनचा परवाना, दोन सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या यंदा मीच यादीत पहिल्या लिहिल्यात. कातरणीचा लगदा उद्या भिजत घालतो. सुताचे तंतू लांब असतात, ते औषध कागदाइतकंच पितात का, ते वजन करून इथंच लिहितो.

---

कागदफुलं | 19 जुलै, रात्री 10:40

दादा, कातरणीचा थोडा कागद मला द्याल का? बुडवून टिकणारा असेल तर क्रेप सोडून त्याचीच कमळं करून बघते.

---

पूर्वभागचा_कारागीर | 19 जुलै, रात्री 10:55

देतो ताई. औषध लावलेले आणि न लावलेले, दोन्ही ताव देतो. न लावलेल्यावर लाल पेन्सिलीनं फुली असेल, तो आधी जाळून बघा.